रंग न चढण्याचा अर्थ

वहिनी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, तालुक्याच्या गावी त्यांचं प्रसूतिगृह आहे. मी जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट. त्या गर्भपिशवीतून जे काढतात ते फॉर्मॅलिनच्या बरणीतून माझ्याकडे येतं, मी त्याची स्लाइड बघते आणि रिपोर्ट लिहिते. आमचं बहुतेक बाबतींत पटतं. एका बाबतीत मात्र वर्षानुवर्षं पटलेलं नाही. वारेच्या पेशी ओळखायला प्रथिनांचे मार्कर लावावेत का, लावले तर कधी, आणि त्यांच्या उत्तरावर किती विसंबावं? परवा एका रिपोर्टवरून हाच वाद पुन्हा निघाला. त्यांच्या परवानगीने तो इथे मांडते आहे, कारण हे भांडण फक्त दोन डॉक्टरांचं नाही. गरोदरपण मध्येच संपलेल्या बाईला किती महिने रक्त तपासायला यावं लागेल, पुन्हा दिवस जाण्यासाठी किती थांबावं लागेल, ते यावर ठरतं.

वहिनी : तुझा रिपोर्ट आला. 'फुगलेले व्हिलाय दिसतात, मोलर प्रेग्नन्सीची शक्यता नाकारता येत नाही, पी५७ करावं.' ती मुलगी आणि तिची सासू उद्या समोर येऊन बसतील. मी त्यांना काय सांगू? मोल, म्हणजे द्राक्षगर्भ, आहे की नाही?

मी : आहे तेच सांगा. अजून दोन-तीन दिवस लागतील.

वहिनी : आणि त्याने काय बदलणार? पिशवी साफ केली, रक्तस्राव थांबला, मुलगी घरी गेली. आता दर आठवड्याला बीटा-एचसीजी करायचं. मोल असलं तरी तेच, नसलं तरी मी काळजीपोटी तेच करणार. तिचा नवरा टेम्पो चालवतो. सोनोग्राफी झाली, क्युरेटिंग झालं, त्यात तुझी बायॉप्सी. वर आणखी एक मार्कर कशाला?

मी : बीटा-एचसीजी कधीपर्यंत करणार?

वहिनी : नॉर्मल येईपर्यंत. आणि तिथून पुढे सहा महिने. आम्हाला तसंच शिकवलं होतं.

मी : माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. 'फिगो'च्या, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या, आताच्या सूचना तशा नाहीत. कम्प्लीट मोल असेल तर एचसीजी नॉर्मल झाल्यावर पुढे तीन महिने, महिन्यातून एकदा. पार्शल मोल असेल तर नॉर्मल झाल्यानंतर महिन्याभराने आणखी एकदाच. आणि मोलच नसेल, साध्या गर्भपातात व्हिलायमध्ये नुसतं पाणी भरलं असेल, तर यातलं काहीच नको. तीन नावं आणि तीन वेगवेगळ्या मुदती. तुम्ही सगळ्याच जणींना सहा महिने थांबवता.

वहिनी : जास्त थांबवलं तर काय बिघडतं? सुरक्षितच आहे की.

मी : ही मुलगी चोविशीची आहे, तिचं फार बिघडणार नाही. पण कितीतरी वर्षांनी दिवस राहिलेली, अडतिशीची बाई असेल तर? तिचे सहा महिने आपण नुसत्या शंकेवर घ्यायचे? आणि याची उलट बाजू जास्त वाईट आहे. साधा गर्भपात समजून जिला घरी पाठवलं, पण होतं कम्प्लीट मोल, तिचं काय? कम्प्लीट मोलनंतर शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींमध्ये मागे राहिलेल्या पेशी वाढत जातात, त्यांना केमो लागते. पार्शल मोलनंतर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असतं. हे दोन आजार स्लाइडवर सारखे दिसतात म्हणून एकाच नावाखाली ढकलून चालत नाही.

इथे वाचकांसाठी थोडं थांबते. वारेची रचना फांद्या फुटलेल्या बारीक तंतूंची असते. त्या तंतूंना व्हिलाय म्हणतात. प्रत्येक तंतूवर ट्रोफोब्लास्ट नावाच्या पेशींचं आवरण असतं. बाहेरचा थर म्हणजे अनेक केंद्रकांचा, सलग पसरलेला सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट आणि आतला सायटोट्रोफोब्लास्ट. याच पेशी एचसीजी तयार करतात, आणि त्यावरच गरोदरपणाची तपासणी आधारलेली आहे. काही ट्रोफोब्लास्ट तंतू सोडून आईच्या पिशवीच्या अस्तरात शिरतात, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतात. त्यांना एक्स्ट्राव्हिलस ट्रोफोब्लास्ट म्हणतात. मोलमध्ये तंतू पाण्याने फुगतात आणि आवरणाच्या पेशी अवाजवी वाढतात. जुन्या पाठ्यपुस्तकात दिसणारा द्राक्षांचा घोस आता क्वचितच बघायला मिळतो. आजकाल सातव्या-आठव्या आठवड्यातच सोनोग्राफी होते, ठोके नाहीत असं कळतं आणि पिशवी साफ होते. घोस बनायच्या आधीच. माझ्या स्लाइडवर येतं ते कम्प्लीट मोल अगदी कोवळं असतं. तंतू जेमतेम फुगलेले, आतला गाभा किंचित निळसर, कडा थोड्या बोटांसारख्या वळलेल्या. अशी स्लाइड दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांनी बघितली तर दोन मतं पडू शकतात. याच जागी पी५७ कामाला येतं.

वहिनी : ठीक, पण हे पी५७ आहे तरी काय? मोल असलं की दिसतं असं काही?

मी : उलट. कम्प्लीट मोल असलं की ते दिसत नाही.

वहिनी : न दिसण्यावर निदान? मग स्टेनच नीट झाला नसेल तर?

मी : हा खरा प्रश्न आहे, त्याचं उत्तर देते. पण आधी ते का दिसत नाही ते ऐका. पी५७ हे पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारं प्रथिन. त्याचा जीन अकराव्या गुणसूत्रावर असतो. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातली वडिलांकडची प्रत बंद असते, प्रथिन बनतं ते आईच्या प्रतीवरूनच. आणि कम्प्लीट मोलमध्ये आईची गुणसूत्रंच नसतात. बीजाचं केंद्रक हरवलेलं असतं, त्यात एक शुक्राणू शिरतो आणि स्वतःची गुणसूत्रं दुप्पट करतो. कधी कधी दोन शुक्राणू शिरतात. गुणसूत्रं ४६ भरतात, पण सगळी वडिलांची. जपानमध्ये काजी आणि ओहामा यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं.

वहिनी : आणि मग गर्भ बनतच नाही, नुसती वार वाढते.

मी : नेमकं तेच. १९८४ मध्ये अझीम सुरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी वेगळ्या प्रयोगशाळेत मॅकग्राथ आणि सोल्टर यांनी उंदरांवर प्रयोग केले. दोन्ही केंद्रकं आईची ठेवली तर गर्भ थोडा वाढला पण वार नीट झाली नाही. दोन्ही वडिलांची ठेवली तर वारेचा भाग वाढला आणि गर्भ जवळजवळ नाहीच. जीन आईकडून आला की वडिलांकडून, याची पेशी नोंद ठेवते. त्यातून जे कळलं ते प्रयोगशाळेपुरतं राहिलं नाही. २००१ मध्ये कॅस्ट्रिलॉन आणि सहकाऱ्यांनी पी५७चा स्टेन कम्प्लीट मोल ओळखायला वापरून दाखवला. उंदराच्या बीजात केंद्रकं बदलणाऱ्यांना तेव्हा माहीत नव्हतं की त्याचा उपयोग तुमच्या गावच्या मुलीला होणार आहे.

वहिनी : पार्शल मोलमध्ये?

मी : तिथे तीन संच असतात, दोन वडिलांचे आणि एक आईचा. आईची प्रत आहे, म्हणून पी५७ दिसतं. साध्या गर्भपातातही दिसतं.

वहिनी : म्हणजे पॉझिटिव्ह आलं तर तू मला सांगणार, 'कम्प्लीट मोल नाही.' पण पार्शल आहे की साधा गर्भपात, ते नाही सांगणार.

मी : पी५७वरून नाही सांगू शकणार. त्यासाठी गुणसूत्रांचे संच मोजावे लागतात किंवा आई-वडिलांच्या डीएनएशी ताडून बघावं लागतं. आपल्या भागात ती सोय सहज होत नाही.

वहिनी : बघ! मग अर्धंच उत्तर मिळणार.

मी : पण जास्त धोक्याचं अर्धं. तीन शक्यतांपैकी जिथे पाचातल्या किंवा सहातल्या एका बाईला पुढे केमो लागू शकते, तीच शक्यता ते बाजूला काढतं.

वहिनींचा आधीचा प्रश्न राहून गेला होता. स्टेनच नीट झाला नाही तर? त्याचं उत्तर तोंडाने देण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. त्या जिल्ह्याच्या ठिकाणी आल्या तेव्हा मी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले.

आमचा टेक्निशियन मायक्रोटोमवर त्याच मुलीच्या ब्लॉकच्या चकत्या काढत होता. मेणात बसवलेल्या ऊतकाची तीन-चार मायक्रॉन जाडीची चकती पात्यावरून रिबिनीसारखी निघते, कोमट पाण्यावर तरंगते आणि लेप दिलेल्या काचेवर अलगद उचलली जाते. नेहमीच्या स्टेनसाठी एवढं पुरतं. मार्करसाठी पुढचं काम बाकी असतं. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत बांधून टाकतं, त्यामुळे ऊतक टिकतं, पण अँटिबॉडीला ज्या जागी चिकटायचं ती जागा झाकली जाते. ती मोकळी करायला स्लाइड सायट्रेट बफरमध्ये ठेवून तापवतात, आणि आमच्याकडे ते प्रेशर कुकरमध्ये होतं. वहिनींनी कुकर बघितला आणि त्या टेक्निशियनला विचारू लागल्या, किती शिट्ट्या, किती वेळ. त्याने सांगितलं की इथे घाई केली तर अँटिजेन उघडत नाही आणि जास्त झालं तर चकती काचेवरून निघून जाते, मग ब्लॉक पुन्हा कापायचा. थंड झाल्यावर पेरॉक्साइड, मग पी५७ची अँटिबॉडी, मग तिला चिकटणारं एन्झाइम जोडलेलं पॉलिमर, आणि शेवटी डीएबी. जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकीची केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनने निळी होतात.

दुपारी आम्ही दोघी डबल-हेडेड मायक्रोस्कोपवर बसलो.

मी : आधी ही बाजू बघा. हे पिशवीचं अस्तर, म्हणजे आईचंच ऊतक.

वहिनी : केंद्रकं तपकिरी आहेत. सगळी.

मी : हा आपला कंट्रोल. तुम्ही विचारलं होतं ना, स्टेन झाला की नाही कसं कळणार? आईच्या पेशी त्याच चकतीवर आहेत. त्यांनीही त्याच कुकरची उष्णता घेतली, त्यांच्यावरही तीच अँटिबॉडी पडली. त्या तपकिरी झाल्या म्हणजे प्रक्रिया नीट झाली. आता तंतू बघा.

वहिनी : इथे... गाभ्यातल्या पेशी निळ्या. कडेच्या आतल्या थरातल्याही निळ्याच. एकही तपकिरी नाही. पण थांब, इकडे तंतूंच्या मधल्या बेटातल्या पेशींना रंग आहे. त्या तर आईच्या नाहीत!

मी : त्या एक्स्ट्राव्हिलस ट्रोफोब्लास्ट. कम्प्लीट मोलमध्येसुद्धा त्यांच्यात पी५७ दिसतं, त्यामुळे निदानासाठी त्या धरायच्या नाहीत. सिन्सिशियोट्रोफोब्लास्टही धरायचा नाही, त्यात निरोगी वारेतही रंग चढत नाही. प्रश्न फक्त दोनच पेशींना विचारायचा, गाभ्याच्या आणि सायटोट्रोफोब्लास्टच्या. हे माहीत नसलेल्याने ती बेटं बघून 'पी५७ पॉझिटिव्ह' लिहिलं तर मोल हातून सुटतं.

वहिनी : म्हणजे मार्कर काही सांगत नाही. कुठे बघायचं ते तुलाच ठरवावं लागतं.

मी : हो. मार्करने पेशी ओळखली असं आपण म्हणतो, पण मार्कर फक्त एवढंच सांगतं की अमुक प्रथिन इथे आहे किंवा नाही. ती पेशी कोणती, हे आकार, जागा, शेजार आणि आपला प्रश्न मिळून ठरतं. हे मी तुमच्या बाजूने बोलते आहे, वहिनी. मार्करची यादी टाकून रिपोर्ट मोठा करणारी पॅथॉलॉजी मलाही पसंत नाही.

वहिनी : मग मला आणखी बोलू दे. एक्टोपिकची, म्हणजे गर्भ पिशवीबाहेर राहिल्याची शंका होती, क्युरेटिंग पाठवलं, आणि एका रिपोर्टमध्ये फक्त 'डेसिड्युआ दिसतो, व्हिलाय दिसत नाहीत' एवढंच होतं. तिथे काय करायचं? व्हिलाय नसले तर पिशवीत गरोदरपण नव्हतंच का? की होतं, आणि सगळं आधीच पडून गेलं?

मी : तिथे खरंच मार्करचा उपयोग आहे. व्हिलाय गेले तरी एक्स्ट्राव्हिलस ट्रोफोब्लास्ट अस्तरात रुतून राहिलेले असू शकतात. नेहमीच्या स्टेनमध्ये ते अस्तराच्या डेसिड्युअल पेशींच्या गर्दीत मिसळून जातात. सायटोकेरॅटिन ७, म्हणजे सीके७ लावलं की ट्रोफोब्लास्ट तपकिरी होतात, डेसिड्युअल पेशी नाही. एचएलए-जी हे प्रथिन तर प्रामुख्याने याच एक्स्ट्राव्हिलस पेशींवर असतं. ते सापडले म्हणजे गरोदरपण पिशवीतच होतं, तो प्रश्न बहुतेक मिटला.

वहिनी : सोपं आहे मग.

मी : नाही. सीके७ अस्तरातल्या ग्रंथींनाही रंगवतं. गरोदरपणात त्या ग्रंथींची केंद्रकं इतकी मोठी आणि विचित्र होतात की आधी कोणी बघितली नसतील तर कॅन्सर वाटावा. पेरूचे आरियास-स्टेला यांनी १९५४ मध्ये हा बदल वर्णन करून ठेवला. अशा ग्रंथीचा तिरपा कापलेला तुकडा तपकिरी झाला की ट्रोफोब्लास्ट समजून बसायला वेळ लागत नाही. आणि वहिनी, खरं बोलायचं तर एक्टोपिकची शंका असलेल्या बाईला माझ्या सीके७साठी दोन दिवस थांबवू नये. बीपी उतरलं, पोट दुखायला लागलं, तर एचसीजी आणि सोनोग्राफीवरच तुम्ही निर्णय घ्यायचा. मार्कर त्या बाईसाठी आहे जिची प्रकृती स्थिर आहे आणि जिच्या बाबतीत मेथोट्रेक्सेट द्यावं की नाही हे ठरायचं आहे.

वहिनी : मान्य. म्हणजे इथे तुझ्या मार्करपेक्षा माझा निर्णय वरचा.

मी : वेळ कमी असेल तेव्हा, हो. आता उलट उदाहरण ऐका, जिथे आकाराने फसवलं आणि मार्करने सावरलं. गर्भाशयाच्या मुखावर गाठ, बायॉप्सीत मोठ्या पेशींचे पुंजके, मध्ये गुलाबी मृत भाग. बघणाऱ्याला मुखाचा स्क्वेमस कॅन्सर वाटतो. त्यात पी६३ लावलं तर तेही पॉझिटिव्ह येतं, मग खात्रीच पटते. पण एपिथेलिऑइड ट्रोफोब्लास्टिक ट्यूमर नावाचा, वारेच्या पेशींपासून होणारा दुर्मीळ ट्यूमर अगदी तसाच दिसतो आणि त्यातही पी६३ पॉझिटिव्ह असतं. फरक पडतो तो इन्हिबिन आणि पी१६ने. ट्रोफोब्लास्टच्या ट्यूमरमध्ये इन्हिबिन दिसतं आणि पी१६ नसतं. मुखाच्या कॅन्सरमध्ये पी१६ ठळक असतं. उपचार पूर्ण वेगळे आहेत.

वहिनी : हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं.

मी : आणि शेवटचं गरोदरपण कधी झालं, हे फॉर्मवर लिहिलेलं नसलं की मलाही सुचणार नाही.

वहिनी : एक सांग. तुम्ही लोक या पेशींच्या ओळखीबद्दल एवढं भांडता, पण वारेच्या पेशी वारेतच असणार ना?

मी : नाही ना. १८९३ मध्ये जर्मनीत श्मोर्ल यांनी एक्लॅम्प्सियाने, म्हणजे गरोदरपणातल्या झटक्यांच्या आजाराने दगावलेल्या बायकांची फुप्फुसं तपासली आणि त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांत ट्रोफोब्लास्टच्या मोठ्या पेशी सापडल्या. या पेशी वार सोडून आईच्या रक्तात जातात. आणि प्रयोगशाळेत तर प्रश्न आणखी अवघड. मूलपेशींपासून बनवलेली पेशी खरी ट्रोफोब्लास्ट आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. पेशीत सीके७ आहे, एचसीजी बनतंय, म्हणून ट्रोफोब्लास्ट, असं म्हणणारे एका बाजूला. दुसरी बाजू म्हणते, अॅम्नियॉनच्या, म्हणजे गर्भजलाच्या पडद्याच्या पेशींतही सीके७ आणि गाटा-३ सापडतातच की. २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटाने चार कसोट्या एकत्र मांडल्या. एक, सीके७, टीएफएपी२सी, गाटा-३ यांसारखी प्रथिनं असावीत. दोन, एचएलएचा नमुना त्या पेशीला शोभेल असा असावा. तीन, ईएलएफ५ या जीनच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट नसावेत. चार, एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या सूक्ष्म आरएनएंचा ठरावीक गट चालू असावा. चारही जुळल्या तरच ट्रोफोब्लास्ट म्हणायचं.

वहिनी : म्हणजे एकट्या प्रथिनावर विश्वास नको, हे प्रयोगशाळाही म्हणते.

मी : एकट्यावर नको. पण म्हणून प्रथिनच नको असं कोणी म्हणालं नाही.

वहिनींना इथे त्यांच्या एका जुन्या रुग्णाची आठवण आली. चार वेळा मोल झालेली बाई. नवरा तोच, प्रत्येक वेळी पिशवी साफ केली, प्रत्येक वेळी घरच्यांनी तिलाच दोष दिला.

वहिनी : तिच्या स्लाइडवर तुझं पी५७ काय म्हणालं असतं?

मी : निगेटिव्ह. आणि तिथे त्या निगेटिव्हचा अर्थ बदलला असता. अशा काही बायकांमध्ये मोलमध्ये आई-वडील दोघांचीही गुणसूत्रं असतात. बिघाड आईच्या एनएलआरपी७ जीनमध्ये असतो, त्यामुळे बीजावर आईची खूण नीट उमटत नाही आणि आईची प्रतही बंद पडते. २००६ मध्ये हा जीन सापडला. दुसरा एक, केएचडीसी३एल, २०११ मध्ये. भारतातल्या कुटुंबांतही हे बदल आढळले आहेत.

वहिनी : पी५७ने हे ओळखलं नसतं.

मी : नसतं. पण वारंवार निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टवरून कोणी तरी जनुकीय तपासणी करायला पाठवलं असतं. आणि मग तिला सांगता आलं असतं की चूक तुझ्या वागण्यात नाही, आणि दुसऱ्या बाईचं बीज घेतलं तर निरोगी गरोदरपणाची आशा आहे. चार वेळा तेच सोसण्याच्या ऐवजी.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुद्दा पुन्हा पैशांवर आणला, आणि मला वाटतं त्यांनी तो आणायलाच हवा होता.

वहिनी : ब्रिटनमध्ये हा खर्च कोण देतं?

मी : तिथे १९७३ पासून मोलच्या बायकांची देशभर नोंद होते. लंडनचं चेरिंग क्रॉस, शेफिल्ड आणि डंडी, अशी तीन केंद्रं. स्लाइड तिथे पुन्हा तपासली जाते, एचसीजीची तपासणी केंद्रामार्फत होते, खर्च सरकारचा. तपासणीचे नमुने बाई घरून पाठवते. कमी धोक्याच्या आजारात तिथे बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के आहे. औषध तेच मेथोट्रेक्सेट, जे १९५६ मध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी कोरिओकार्सिनोमावर, म्हणजे ट्रोफोब्लास्टच्या कॅन्सरवर, वापरून दाखवलं. आणि ते औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झालं तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

वहिनी : औषध आपल्या माणसाचं. पण माझ्या मुलीला लंडन नाही. तिला तालुक्याच्या गावी दर आठवड्याला एसटीने यायचं आहे, रोजगार बुडवून. तू सांगतेस त्यातलं सगळं बरोबर आहे, पण ते तिच्या खर्चाने बरोबर आहे.

मी : म्हणूनच म्हणते, सगळ्यांना नका लावू. ज्या क्युरेटिंगमध्ये नुसता साधा गर्भपात दिसतो त्यात पी५७ लावणं म्हणजे पैसे वाया. मी सुचवेन ते फक्त स्लाइडवर शंका आली तर, किंवा सोनोग्राफीत आणि एचसीजीत मोलचा संशय असेल तर. आणि एकच मार्कर. चार-पाच मार्करचा संच नाही. तो एक स्टेन तिच्या कितीतरी फेऱ्या वाचवू शकतो, किंवा त्या फेऱ्या का लागणार आहेत ते तिला पटवून देऊ शकतो. फेऱ्यांचा खर्च स्टेनच्या खर्चात कोणीच मोजत नाही, आणि बुडालेला रोजगार तर कुठेच लिहिला जात नाही.

वहिनी : हे तू पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी एवढं भांडले नसते.

मी : तुम्ही भांडला नसतात तर मी एवढा विचार केला नसता. आता माझी तक्रार ऐका. तुमच्याकडून येणारी बरणी कधी कधी सलाइनमध्ये असते. सलाइनमध्ये ठेवलेलं ऊतक रस्त्यातच कुजायला लागतं, मग पी५७ला आईच्या पेशींतही रंग चढत नाही आणि माझा कंट्रोल हातातून जातो.

वहिनी : रात्री सिस्टरांना फॉर्मॅलिन सापडत नाही.

मी : मग मी इथून बरण्या भरून पाठवते. फॉर्मॅलिन ऊतकाच्या दहापट तरी हवं. दुसरं, एक छोटा तुकडा पाठवू नका, जे निघालं ते सगळं पाठवा. कम्प्लीट मोल कधी कधी एका कोपऱ्यात असतं. तिसरं, फॉर्मवर आठवडे, सोनोग्राफीत काय दिसलं आणि क्युरेटिंगआधीचं बीटा-एचसीजी लिहा. या तीन गोष्टी असल्या की अर्ध्या केसेसमध्ये मी मार्कर सुचवणारच नाही.

वहिनी : लिहीन. आणि या मुलीचं?

मी : कम्प्लीट मोल. रिपोर्ट संध्याकाळी येईल. एचसीजी नॉर्मल होईपर्यंत दर आठवड्याला. नॉर्मल झाल्यावर तीन महिने, महिन्यातून एकदा. तेवढे दिवस गर्भनिरोधक गोळ्या घेऊ दे. मूल पुढे होईल, हे सासूसमोर स्पष्ट सांगा.

वहिनी : सांगते. आणि सहा महिने म्हणणार नाही.

मग त्यांनी पर्स उघडून पी५७चे किती झाले ते विचारलं. मी म्हटलं, या वेळचे राहू द्या. त्या म्हणाल्या, "या वेळचे राहतील, पण पुढच्या बाईचे कोण देणार?" आमच्या जिल्ह्यापुरती तरी एखादी सोय उभी करायची, सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागाशी बोलायचं, मोलच्या संशयाच्या स्लाइड एकाच ठिकाणी जमवून एकाच वेळी स्टेन करायच्या म्हणजे अँटिबॉडी कमी वाया जाईल, असं आम्ही बोललो. अँटिबॉडीची बाटली उघडली की तिची मुदत चालू होते आणि महिन्यातून एखाद्याच स्लाइडसाठी ती उघडावी लागते, म्हणून एका स्टेनचा खर्च एवढा चढतो. पाच-सहा स्लाइड एकत्र लावल्या तर तो बराच उतरेल. वहिनींनी आजूबाजूच्या चार-पाच प्रसूतिगृहांची नावं लिहून घेतली, आणि निघताना बरण्यांसाठी फॉर्मॅलिन किती लिटर लागेल तेही माझ्याकडून काढून घेतलं.